वऱ्हाडातून परदेशी शिकावयास जाणाऱ्यांस

अमरावती जिल्ह्यातील पापळ या लहानशा गावी १८९८ साली जन्मलेले पंजाबराव देशमुख पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षण मध्येच सोडून १९२० साली विलायतेस निघाले, तेव्हा त्या खर्चापायी घरची शेतजमीन गहाण पडली होती असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे; आणि १९२६ साली ते परतले ते एडिनबरोची एम.ए., ऑक्सफर्डची डी.फिल. व बॅरिस्टरीची सनद अशी तिहेरी कमाई घेऊन परतले. त्यांच्याही पूर्वी, ज्यांचे शालेय शिक्षण अमरावतीत झाले त्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९०६ साली अमेरिकेची वाट धरली होती, आणि कॉर्नेल विद्यापीठात असतानाच भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील आपला इंग्रजी ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध केला होता. तेव्हा परदेशचे विद्यापीठ ही वऱ्हाडास अगदीच अनोळखी वस्तू आहे असे म्हणता येणार नाही. पालटले आहे ते एवढेच की, पूर्वी जिल्ह्यातून एखादा जाई आणि त्याच्या नावापुढे जन्मभर बॅरिस्टर ही पदवी लागे. आज दर्यापूर, अकोट, मोर्शी, मूर्तिजापूर अशा तालुक्यांच्या गावांतून, ज्या घरांत यापूर्वी कोणी मुंबईच्याही पलीकडे शिकावयास गेले नव्हते अशा घरांतून, मुले-मुली बॉन, ग्लासगो, मेलबर्न आणि टेक्सासकडे निघतात.

प्रवेश कसा मिळवावा, कोणत्या परीक्षा द्याव्यात, अर्ज कसे भरावेत, हे सांगणाऱ्या सल्लागार कचेऱ्या आता अमरावतीत आणि अकोल्यात पावलोपावली झाल्या आहेत. त्यांपैकी पुष्कळांना विद्यार्थ्यामागे विद्यापीठाकडून दलाली मिळते, ही गोष्ट त्यांचा सल्ला ऐकताना मनाशी बाळगावी, एवढे सांगून मी त्यांना येथेच सोडतो. माझा विषय त्यांची कामगिरी जेथे संपते तेथून सुरू होतो. विमानातून उतरल्यापासून पहिले सत्र संपेपर्यंतचे जे तीन-चार महिने, त्यांत विद्यार्थी तेथे रुजतो की पुढील सारा काळ केवळ दिवस ढकलीत राहतो, हे बहुतांशी ठरून जाते, आणि या महिन्यांविषयी त्याला कोणीही काही सांगितलेले नसते.

माझ्या पाहण्यात जे आले त्यावरून माझे असे मत झाले आहे की, आपल्या मुलांचे तेथे बुद्धीपायी क्वचित अडते. अडते ते भिडेपायी. आपल्याकडे प्रश्न विचारणारा विद्यार्थी वर्गात आगाऊ ठरतो आणि कचेरीत उपद्रवी ठरतो. काम व्हावयाचे तर ओळख काढावी, मामाच्या साडूला गाठावे, आणि ओळख नसेल तर मुकाट्याने ‘उद्या या’ हे शब्द ऐकून परत फिरावे, असे शिक्षण आपल्याला पदवीबरोबरच मिळालेले असते. परदेशी विद्यापीठाची रचना याच्या नेमक्या उलट गृहीतकावर उभी आहे. तेथे निवासासाठी, शुल्कासाठी, प्रकृतीसाठी, लेखनासाठी, नोकरीसाठी, इतकेच नव्हे तर मन उदास झाले असता बोलण्यासाठीही स्वतंत्र कक्ष असतो, आणि जो विचारावयास येत नाही त्याला काही अडचण नाही असे तो कक्ष प्रामाणिकपणे समजतो. वऱ्हाडातील विद्यार्थी समजूतदारपणे गप्प बसतो, विद्यापीठही समजूतदारपणे त्याला त्रास देत नाही, आणि दोघांच्या या समजूतदारपणात सत्र निघून जाते.

भिडेचे दुसरे मूळ पैशात आहे, म्हणून आधी पैशाचा विचार करणे प्राप्त आहे. पंजाबरावांच्या काळी सावकाराकडे शेत गहाण टाकता येत असे. आज बँकेत ती सोय सहसा नाही. २००२ सालच्या सरफेसी कायद्यान्वये बँकेला थकबाकीदाराचे तारण थेट ताब्यात घेण्याचा जो अधिकार मिळाला, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. परिणामी वीस एकर काळी कपाशीची जमीन नावावर असलेल्या शेतकऱ्याला शैक्षणिक कर्जासाठी ती तारण म्हणून घेण्यास बहुतेक बँका नकार देतात, आणि शहरात एक बिनशेती भूखंड किंवा नोंदणीकृत घर असलेल्या कारकुनाला तेच कर्ज सुलभतेने मिळते. सातबारा घेऊन बँकेच्या पायऱ्या झिजविण्यापूर्वी हे ध्यानात घेतले तर ऐन वेळची धावपळ टळेल. शिवाय पीककर्जाची ज्या घराला सवय आहे त्याने हेही पक्के समजून घ्यावे की, शैक्षणिक कर्जात दरवर्षी ‘नवं-जुनं’ करण्याची सोय नाही, निवडणुकीच्या तोंडावर त्याची माफी होत नाही, आणि शिक्षण चालू असताना हप्त्याची सवलत मिळाली तरी व्याज मात्र पहिल्या उचलीपासून चढू लागते.

वऱ्हाडच्या शेतकरी कुटुंबापुढे आणखी एक अडचण असते, ती मुंबई-पुण्याच्या नोकरदारास कळणारही नाही. युरोपातील बहुतेक विद्यापीठांचे शुल्क ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास भरावे लागते, आणि नेमका त्याच वेळी घरचा सारा पैसा शेतात बी-खत-फवारणीच्या रूपाने पसरलेला असतो. सोयाबीनचा पैसा दसऱ्या-दिवाळीला, कापसाचा त्यानंतर, तुरीचा संक्रांतीच्या पुढे, आणि मोर्शी-वरुडकडच्या संत्र्याच्या मृग बहाराचा तर त्याहून उशिरा. अशा वेळी बाजारातून भारी व्याजाने रक्कम उचलण्याआधी विद्यापीठाच्या शुल्क विभागास पत्र लिहून हप्त्यांची मागणी करावी. पुष्कळ विद्यापीठांत दोन-तीन हप्त्यांची तरतूद असते, आणि मुदत टळण्यापूर्वी मागितलेली सवलत व मुदत टळल्यावर मागितलेली क्षमा यांत तेथे फार अंतर मानतात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा इतर प्रवर्गांसाठी असलेल्या तत्सम शासकीय योजनांचा लाभ मिळाला असला तरी हप्ता हाती येईपर्यंत निभावेल इतकी, निदान तीन महिन्यांच्या खर्चाची, शिल्लक वेगळी ठेवावी. १८९२ साली स्थापन झालेली टाटांची कर्जरूप शिष्यवृत्तीही पुष्कळांच्या उपयोगी पडते, तिची चौकशी करावी. जर्मनीस जाणाऱ्यास वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम आधीच बंदिस्त खात्यात ठेवावी लागते (सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे), आणि तेथून दरमहा ठरावीक रक्कमच हाती पडते. ही अट जाचक वाटते खरी, पण पहिल्याच महिन्यात हात सैल सोडणाऱ्या तरुणांना तिने वाचविले आहे असेही दिसते.

निघण्यापूर्वीच्या दस्तऐवजांपैकी एकाच गोष्टीवर मी भर देईन, कारण तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि कित्येकदा पुढे आईचे, अशा क्रमाने नाव छापलेले असते. पारपत्रावर क्रम निराळा, बँकेच्या पुस्तकात निराळा, आणि विमानाच्या तिकिटावर तर दलालाच्या मर्जीप्रमाणे. परदेशी कारकुनाच्या दृष्टीने ही चार वेगवेगळी माणसे असतात. पारपत्रावरील नाव हेच प्रमाण मानून विद्यापीठाचा अर्ज, तिकीट, कर्जाचा मंजुरी-हुकूम आणि विमापत्र यांवर तेच नाव त्याच क्रमाने लिहवून घ्यावे, आणि गुणपत्रिकेतील तफावतीबद्दल एक प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून जवळ बाळगावे. बँकेच्या कामासाठी वडिलांच्या किंवा विश्वासू नातलगाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवले असता एका सहीसाठी परत येण्याची पाळी येत नाही. दात आणि चष्मा यांचे काम गावातच उरकून घ्यावे. तेथे दंतवैद्याकडे एकदा बसण्याचा खर्च येथील महिन्याच्या किराण्याइतका होऊ शकतो. अमेरिकेस जाणाऱ्यांनी लहानपणच्या लसीकरणाची नोंद शोधावी, कारण गोवर-गालगुंडाच्या लसीचा पुरावा तेथील बहुतेक विद्यापीठे मागतात, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे ते पिवळे पडलेले कार्ड ऐन वेळी कोणाच्याच पेटीत सापडत नाही. सर्व कागदांच्या प्रती तीन ठिकाणी असाव्यात. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली स्वदेशी परतत असता त्यांचे ग्रंथ ज्या जहाजातून येत होते ते जर्मन पाणबुडीने बुडविले, आणि वर्षानुवर्षांचा संग्रह समुद्रात गेला. आज पाणबुडीची भीती नसली तरी संगणक बिघडण्याची आणि पिशवी चोरीस जाण्याची भीती आहेच.

तेथे पोहोचल्यावरचा पहिला पंधरवडा सर्वस्वी नोंदणीचा समजावा. जर्मनीत घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात निवासाची नोंद करावी लागते, आणि तिच्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो. हा दाखला देण्यास जो मालक काचकूच करील त्याची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, कारण पुढील पुष्कळ कामे या एका नोंदीवर अडून राहतात. अमेरिकेत विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कचेरीत हजेरी लावून आपली नोंद शासकीय यादीत चढली याची खातरी करून घ्यावी, आणि पुढे पत्ता बदलल्यास दहा दिवसांच्या आत तो कळवावा. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबरच आरोग्यसेवेचा अधिभार भरलेला असतो. तरीही कित्येक विद्यार्थी राहत्या भागातील वैद्याकडे नाव नोंदवीत नाहीत, आणि मग ताप चढल्यावर मध्यरात्री ‘कुठे जावे’ असा प्रश्न अमरावतीला फोन करून विचारतात. निरोगी असताना नाव नोंदवावे. पूर्णवेळ विद्यार्थ्यास तेथील घरपट्टी माफ असते, परंतु ती माफीही मागावी लागते व तिच्यासाठी विद्यापीठाचा दाखला जोडावा लागतो.

खोलीच्या बाबतीत एकच नियम पाळावा: पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. पहिले वर्ष शक्य तो विद्यापीठाच्याच वसतिगृहात काढावे. ते थोडे महाग पडते, पण फसवणूक होत नाही आणि निरनिराळ्या देशांच्या मुलांची ओळख आपोआप होते. खाजगी घर घ्यावयाचे तर करारनामा शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. इंग्लंडमध्ये भाडेकरूची अनामत रक्कम मालकाने तीस दिवसांच्या आत शासनमान्य योजनेत जमा करावी असा कायदा आहे, हे ठाऊक असलेल्या विद्यार्थ्यापुढे मालक सहसा वाकडा जात नाही. व्हिसा-अधिकारी असल्याचे सांगून फोनवर दंड मागणारे भामटे सर्व देशांत आहेत. कोणतेही शासकीय खाते फोनवर पैसे मागत नाही.

आता अभ्यासाकडे वळतो. माझ्या मते हाच या विषयाचा गाभा आहे, आणि येथेच आपला विद्यार्थी सर्वांत अधिक गोंधळतो. आपल्या विद्यापीठांत अभ्यास म्हणजे परीक्षेच्या आधीचा दीड महिना. मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, कोणा वरिष्ठाच्या टिपणांची झेरॉक्स, आणि ‘हा प्रश्न येणारच’ अशी खूण केलेले मार्गदर्शक. या पद्धतीने जो प्रथम श्रेणीत आला त्याला दर आठवड्यास दीडशे पाने वाचून चर्चेस यावे लागते, तेव्हा पहिल्या महिन्यातच तो मागे पडतो. सर्वच पाने सारख्या बारकाईने वाचावयाची नसतात ही गोष्ट त्याला कोणी सांगत नाही. प्रास्ताविक व समारोप नीट वाचावा, मधल्या भागातील युक्तिवादाचा सांगाडा टिपून घ्यावा, आणि लेखकाचे म्हणणे व आपल्याला पडलेली एक शंका असे अर्ध्या पानाचे टिपण करून चर्चेस जावे. एवढे केले तरी वाचन केलेल्यांत गणना होते. चर्चावर्गात बोलणे ही कित्येकांना फाशी वाटते, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्यांना. यावर मला माहीत असलेला उपाय असा की, आधी लिहून नेलेला तो एक प्रश्न पहिल्या दहा मिनिटांतच विचारून मोकळे व्हावे. जितका उशीर होतो तितकी जीभ जड होते. उच्चाराची लाज धरू नये. ग्लासगोच्या माणसाचे इंग्रजी लंडनच्या माणसाला समजत नाही, तेथे वऱ्हाडी वळणाच्या इंग्रजीने ओशाळण्याचे कारण काय? मात्र समजले नसता मान डोलवू नये. ‘पुन्हा सांगाल का’ हे वाक्य तेथे उणेपणाचे मानीत नाहीत. पुष्कळ विद्यापीठांत व्याख्यानांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध असते, ते पहिल्या सत्रात अवश्य ऐकावे.

गुणांच्या बाबतीत तर अनेकांचा विनाकारण हिरमोड होतो. येथे ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांची सवय झालेल्या मुलाला ब्रिटनमधील पहिल्या निबंधात बासष्ट गुण मिळतात आणि त्याला आपण नापास होता होता वाचलो असे वाटते; वस्तुतः तेथे सत्तरीच्या वर गेलेला विद्यार्थी उत्कृष्ट, साठीतला चांगला, आणि पदव्युत्तर वर्गात पन्नास म्हणजे उत्तीर्ण, असा सर्वसाधारण प्रघात आहे. जर्मनीत तर आकडे उलटे चालतात. एक ही सर्वोत्तम श्रेणी आणि चार ही उत्तीर्णतेची शेवटची पायरी. अमेरिकेत पदव्युत्तर विद्यार्थ्यास चारपैकी सरासरी तीन राखावी लागते असा बहुतेक ठिकाणी दंडक असतो, आणि ती घसरल्यास शिष्यवृत्ती किंवा सहायकपद धोक्यात येते. म्हणून गुणपत्रकापेक्षा परीक्षकाने समासात लिहिलेला अभिप्राय अधिक लक्षपूर्वक वाचावा, आणि तो हाती घेऊन अध्यापकाच्या भेटीच्या वेळी जावे. आठवड्यातील ठरावीक तास अध्यापक केवळ विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी खोलीत बसलेले असतात. आपल्याकडील मुले तेथे जात नाहीत, कारण ‘सरांना कशाला त्रास’. प्रत्यक्षात त्या तासांत पुष्कळदा खोली रिकामीच असते.

उसनवारीविषयी कठोरपणे सांगणे भाग आहे. पुस्तकातील परिच्छेद जसाच्या तसा उतरविल्याबद्दल ज्याला शाळेत शाबासकी मिळाली त्याला तोच परिच्छेद अवतरणचिन्हांवाचून आणि लेखकाच्या नामनिर्देशावाचून उतरविल्याबद्दल तेथे शिस्तभंगाच्या चौकशीस तोंड द्यावे लागते. ‘मला हे माहीत नव्हते’ ही कैफियत फार तर एकदा ऐकली जाते. वाचताना टिपण करतानाच पुस्तकाचे नाव आणि पृष्ठांक लिहिण्याची शिस्त लावून घ्यावी. संगणकाकडून निबंध लिहवून घेण्याची जी नवी सोय झाली आहे तिचेही नियम प्रत्येक विषयात, प्रत्येक अध्यापकागणिक निराळे आहेत, तेव्हा पहिल्या व्याख्यानालाच ते विचारून घ्यावेत. आजारपण किंवा घरातील दुःखद घटना यांमुळे निबंध वेळेवर होत नसेल तर मुदतवाढीचा लेखी अर्ज मुदतीपूर्वी करावा. हजेरीकडे दुर्लक्ष करू नये; ब्रिटनमध्ये दीर्घ गैरहजेरी शासनास कळविणे विद्यापीठावर बंधनकारक आहे, आणि मग प्रश्न गुणांचा न राहता व्हिसाचा होतो.

आणि ग्रंथालय! केतकर कॉर्नेलहून परतले आणि पुढे त्यांनी तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला. पंजाबरावांनी ऑक्सफर्डला वेदवाङ्मयातील धर्माचा शोध घेतला आणि तो प्रबंध १९३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. आपल्याच देशाविषयी लिहिण्याची साधने या दोघांना सातासमुद्रापलीकडील कपाटांत हाती आली, ही गोष्ट थोडी लाजेची असली तरी खरी आहे. विद्यार्थ्याने पहिल्याच आठवड्यात आपल्या विषयाच्या ग्रंथपालाची ओळख करून घ्यावी. माझ्या अनुभवाने विद्यापीठातील सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत कमी विचारला जाणारा माणूस तो.

अभ्यासाबरोबर काही काम करून खर्चास हातभार लावावा ही इच्छा रास्त आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे पडेल ते काम करून अमेरिकेत कृषिशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत मोठे संशोधक झाले. परंतु आज कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे: ब्रिटनमध्ये पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यास सत्र चालू असता आठवड्यास वीस तास, अमेरिकेत वीस तास आणि तेही पहिल्या शैक्षणिक वर्षात विद्यापीठाच्या आवारातच, ऑस्ट्रेलियात पंधरवड्यास अठ्ठेचाळीस तास, जर्मनीत वर्षास १४० पूर्ण दिवस. हे नियम वारंवार पालटतात, तेव्हा मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये. नियमाबाहेर रोखीने काम देणारा मालक हा बहुधा आपल्याच भागातला, आपलीच भाषा बोलणारा असतो, म्हणून त्याला नाही म्हणणे अवघड जाते. पण त्याच्या चार पैशांपायी व्हिसा गेला तर तो मदतीस येणार नाही. कामाच्या कमाईवर शुल्क भरण्याचा हिशेब तर मुळीच मांडू नये. तिच्यातून भाजीपाला आणि बसभाडे सुटले तरी पुरे.

आहाराविषयी थोडक्यात. ज्वारीचे पीठ, लाल तिखट, हळद, तुरीची डाळ आता बहुतेक मोठ्या शहरांत मिळते. दोन भाज्या, पिठले आणि वरण-भात एवढे मुलग्यांनाही करता आले पाहिजे, आणि ते विमानात बसल्यावर नव्हे तर आईच्या स्वयंपाकघरात महिनाभर आधी शिकावे. घरचे तूप आणि पेढे ब्रिटनला नेऊ नयेत, तेथे बाहेरून दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. ऑस्ट्रेलियात तर जवळचा प्रत्येक खाद्यपदार्थ उतरताना जाहीर करावा लागतो, न केल्यास जबर दंड बसतो. जाड लोकरीचे कपडे येथून नेऊ नयेत. पंचेचाळीस अंशांच्या अकोल्यात शिवलेला कोट एडिनबरोच्या ओल्या वाऱ्यापुढे टिकत नाही. तो तेथेच घ्यावा.

थंडीपेक्षाही अंधार अधिक बाधतो. डिसेंबरात एडिनबरोला दुपारी पावणेचारच्या आतबाहेर सूर्य मावळतो, आणि उन्हाला कंटाळलेल्या आमच्या माणसांना ऊन म्हणजे काय ते प्रथमच कळते. या दिवसांत जेवण अनियमित होते, झोप बिघडते, आणि ज्या मुलाने सप्टेंबरात सर्वांना छायाचित्रे पाठविली तो नोव्हेंबरात फोन उचलीनासा होतो. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, क्षयाने पुण्यास वारल्या. प्रकृतीची हेळसांड किती महाग पडते याचे त्याहून दुःखद उदाहरण आपल्या समाजात नाही. दुपारी उजेड असेतोवर तासभर बाहेर चालावे, आठवड्यातून दोनदा कोणाबरोबर तरी बसून जेवावे, आणि पंधरा दिवसांच्या वर मन उदास राहिले तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जावे. ही सेवा बहुधा विनामूल्य असते आणि तेथे सांगितलेले घरी कळत नाही.

घरी काय सांगावे, हा त्याहून नाजूक प्रश्न. कर्ज काढून पाठविलेला मुलगा ‘जेवला काय रे?’ या प्रश्नाला नेहमी ‘हो’ म्हणतो आणि ‘बरं चाललं ना?’ यालाही ‘हो’ म्हणतो. शेताचा, तारणाचा आणि गावातील लोकांच्या नजरांचा भार त्याच्या मनावर असतो. एका विषयात नापास झालो हे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. पालकांनी ही कोंडी आपण होऊन फोडली पाहिजे. मुलगा निघण्यापूर्वीच त्याला एकदा स्पष्ट शब्दांत सांगावे की, विषय राहिला, सत्र वाढले, फार तर परत यावे लागले, तरी घराचे दार त्याला बंद होणार नाही. पैशाचे आपण पाहू. शिवाय रोज तासभर फोन करण्याचा आग्रह धरू नये. ब्रिटनचे घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास चालते, आणि आपली रात्रीची जेवणे आटोपण्याची वेळ म्हणजे त्याच्या ग्रंथालयातील ऐन दुपार. आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळा पुरेशा आहेत.

स्वभाषिकांचा सहवास औषधासारखा हवा. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासून आहे, अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरी मराठी मंडळ आहे, आणि गणपतीत तेथे गेले म्हणजे दोन दिवस बरे जातात. परंतु चार मराठी मुलांनी एका घरात राहावे, एकत्रच वर्गात बसावे, एकत्रच जेवावे आणि वर्षाअखेर एकाही परक्या माणसाशी दहा मिनिटे बोलल्याविना परतावे, यासाठी लाखो रुपये खर्च करण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. विद्यार्थी संघाचा एखादा क्लब, चालण्याचा गट, वादसभा, क्रिकेट, काहीही निवडावे, पण त्यात आपल्या गावचा कोणी नसावा.

शेवटी जे आधीच तेथे जाऊन स्थिरावले आहेत अशा वऱ्हाडी मंडळींना एक विनंती. पंजाबराव परतल्यावर त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली, कारण शिकावयास येणाऱ्या खेड्यातील मुलाला राहावयास जागा आणि विचारावयास माणूस लागतो हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. यवतमाळची एकलव्य ही संस्था आज पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांसाठी असेच काम करीत आहे. तुमच्याकडून एवढे मोठे काम कोणी मागत नाही. दिवाळीत किंवा नाताळात गावी आलात की एक दुपार आपल्या जुन्या महाविद्यालयात काढा, शेवटच्या वर्षाच्या मुलांना घरभाडे, शुल्क आणि पहिल्या निबंधाचे गुण यांविषयी खरेखरे सांगा, आणि आपले नाव, विषय, विद्यापीठ व ज्यावर उत्तर हमखास मिळेल असा पत्ता तेथील ग्रंथालयाच्या वहीत लिहून ठेवा. तो पुढील जूनमध्ये अकोट-दर्यापूरकडील कोणी तरी मागावयास येईल.